कल्पनेपलीकडे काही शक्य असतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली-सातारा भागातल्या शाळांत, कॉलेजांत आणि गावोगावच्या वाचनालयांत मी विज्ञानावर बोलायला जाते. विषय कोणताही असो, शेवटी कुणीतरी हा मुद्दा काढतंच: माणसाला जेवढं सुचतं तेवढंच शक्य असतं का? आणि जे सुचतं ते सगळं कधी ना कधी होणारच का? कार्यक्रम संपल्यावर पायऱ्यांवर उभं राहून यावर जितकं बोलणं होतं तितकं सभागृहात होत नाही. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न आणि त्यांना मी देते ती उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

आधी थोडक्यात सांगा, कल्पनाशक्ती ही शक्यतेची हद्द आहे का?

नाही. काय शक्य आहे हे निसर्गाचे नियम ठरवतात, हातातली साधनं ठरवतात आणि माणसं एकमेकांना काय करू देतात यावरही ते ठरतं. आपण कुठे शोधायला जाणार, हे मात्र कल्पना ठरवते. तिचं हे काम मोठं आहे, पण ते हद्द आखण्याचं काम नव्हे.

कुणाच्या कल्पनेत नसलेलं घडल्याचं आपल्या भागातलं उदाहरण आहे का?

दोन आहेत, आणि दोन्ही विसरण्यासारखी नाहीत.

पहिलं सांगलीच्या पुराचं. कृष्णेच्या पाण्याची उंची आयर्विन पुलाजवळ मोजतात. 45 फूट ही धोक्याची पातळी. 2005 साली पाणी 53 फुटांच्या वर गेलं. त्यानंतर नदीकाठच्या भागात भिंतीवर तेलरंगाने ओढलेली आडवी रेघ आणि तिच्याशेजारी लिहिलेलं साल दिसायचं. घरातले निर्णय त्या रेघेवर व्हायला लागले. विजेचा मीटर रेघेच्या वर, देव्हारा रेघेच्या वर, सातबारा आणि दाखल्यांची पेटी माळ्यावर. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी चढायला लागलं तेव्हा लोक एकमेकांना धीर देत होते तो याच रेघेच्या भरवशावर: "पाच सालाला हितवर आलंतं, त्येच्या वर काय येत न्हाय." पाणी 57 फुटांच्या वर गेलं. रेघ बुडाली आणि तिच्या भरवशावर वर ठेवलेला संसारही भिजला.

या लोकांना मी अजिबात दोष देत नाही. आपली कल्पना बहुतेक वेळा आठवणीतूनच पुढे सरकते. पाहिलेला सगळ्यात मोठा पूर हाच होऊ शकणारा सगळ्यात मोठा पूर, असं मन धरून चालतं. पाणलोटात किती पाऊस पडतो, धरणांतून किती विसर्ग सुटतो आणि पाणी पुढे किती वेगाने निघून जातं, यावर नदीची उंची ठरते. भिंतीवरच्या रेघेचा त्या हिशेबाशी काहीही संबंध नसतो.

दुसरं उदाहरण कोयनेचं. दख्खनचं पठार म्हणजे स्थिर, न हलणारा खडक, अशी समजूत होती. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात पाणी भरायला लागल्यावर परिसरात लहान लहान धक्के जाणवू लागले. मग 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 6 रिश्टरच्या वरचा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. साठवलेल्या पाण्याने भूकंपाला निमित्त मिळू शकतं, हे अमेरिकेतल्या मीड सरोवराच्या बाबतीत काही अभ्यासकांनी त्याआधीच नोंदवलेलं होतं. खोल भेगांत आधीपासून ताण साठलेला असतो. पाण्याचा दाब त्या भेगांपर्यंत पोचला की दोन खडकांना एकमेकांवर रोखून धरणारं घर्षण कमी पडतं. धरण भूकंप निर्माण करत नाही, पण साठलेल्या ताणाला वाट मिळते. आज कोयनेचा परिसर या प्रकारच्या भूकंपांच्या अभ्यासासाठी जगभर ओळखला जातो. कराडजवळ हजारमाचीला त्यासाठी प्रयोगशाळा आहे आणि 2017 साली कोयना भागात सुमारे 3 किलोमीटर खोल छिद्र पाडून खडक तपासायला सुरुवात झाली.

पाटण तालुक्यातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला 1960 साली कुणी म्हटलं असतं की या तलावाने जमीन हलेल, तर त्याला ते पटलं नसतं. शक्यता मात्र तेव्हाही खडकात होतीच.

याच्या उलट? कल्पना करता येते पण होऊच शकत नाही, असं काही असतं का?

भरपूर असतं. न थांबणाऱ्या यंत्राचं चित्र कुणीही काढू शकतं: मोटर पंप चालवते, पंप पाणी वर चढवतो, ते पाणी खाली पडताना जनित्र फिरवतं आणि जनित्र मोटरला वीज देतं. कागदावर वर्तुळ पूर्ण होतं, प्रत्यक्षात होत नाही. प्रत्येक टप्प्यावर थोडी ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते, त्यामुळे फेरी पूर्ण होताना हातात सुरुवातीपेक्षा कमी उरतं.

पण आमच्या गावात एकाने विजेशिवाय चालणारा पंप केलाय, व्हिडिओ आहे. तोही खोटा?

न पाहता खोटा म्हणणार नाही. एकच विचारा: ऊर्जा कुठून येते?

ओढ्याचं पाणी उतारावरून जोरात येत असेल आणि त्यातलं थोडंसंच वर चढत असेल, तर तो हायड्रॉलिक रॅम असू शकतो. तो खरा आहे. 1790 च्या दशकात फ्रान्समध्ये माँगोल्फिएने तो बनवला. बरंचसं पाणी खाली पडतं, त्याच्या धक्क्याने थोडंसं पाणी वर जातं. ना वीज, ना डिझेल. पण ऊर्जा आहेच, ती पडणाऱ्या पाण्यातून येते. डोंगराळ वाडीवर वाहता झरा असेल तर असा पंप जरूर बसवावा.

विहिरीतलं साचलेलं पाणी कशाच्याही मदतीशिवाय वर येतंय असं दाखवलं असेल, तर कॅमेऱ्याच्या मागे वायर आहे. हिशेब सोपा आहे. 1000 लिटर पाणी 100 मीटर वर चढवायला किमान 9.8 लाख ज्यूल ऊर्जा लागते, म्हणजे पाव युनिटपेक्षा थोडी जास्त वीज. हा आकडा कुठल्याही कंपनीच्या पंपाला लागू आहे. चांगला पंप या आकड्याच्या जवळ येतो, वाईट पंप दुप्पट खातो. याच्या खाली कुणीही जात नाही. टेंभू योजनेत कराड तालुक्यातून कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने उचलून खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळकडे नेतात, तेव्हा वीजबिलाचा विषय वर्षानुवर्षं का निघतो, ते यातून कळेल. त्या बिलात राजकारण असेल, थकबाकी असेल, पण तळाशी गुरुत्वाकर्षण आहे आणि त्याच्याशी तडजोड होत नाही.

अशा यंत्रात कुणी पैसे गुंतवायला सांगत असेल तर गुंतवू नका. हे मी कळकळीने सांगते, कारण यात फसतात ती कोरडवाहू भागातली माणसं, ज्यांना पाण्याची सगळ्यात जास्त गरज असते.

आज अशक्य म्हणतात ते उद्या शक्य होतंच ना? विमानाचं बघा.

कधी होतं, कधी होत नाही. फरक कुठे आहे ते बघायला हवं.

फ्रेंच विचारवंत ओग्युस्त काँत याने 1835 साली लिहिलं की तारे कशाचे बनलेत हे माणसाला कधीच कळणार नाही. त्याचा विचार चुकीचा नव्हता: ताऱ्यापर्यंत जाता येत नाही, तुकडा आणता येत नाही, मग तपासणार काय? तो 1857 साली वारला. 1859 मध्ये किर्कहोफ आणि बुन्सेन यांनी दाखवलं की तापलेल्या मूलद्रव्याच्या प्रकाशात त्याच्या स्वतःच्या ठरलेल्या रेघा असतात. म्हणजे तुकडा आणायची गरजच नव्हती, प्रकाश रोज येतच होता. 1868 च्या सूर्यग्रहणाच्या सुमारास सूर्यप्रकाशात एक पिवळी रेघ दिसली, जी माहीत असलेल्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना. ते हेलियम. पृथ्वीवर तो 1895 साली हाती लागला. काँतला जायचा एकच रस्ता दिसत होता आणि तो बंद होता. दुसरा रस्ता त्याच्या डोक्यात नव्हता. इथे कल्पना तोकडी पडली असं मी मान्य करते.

आता दुसरं उदाहरण घ्या. फक्त पट्टी आणि कंपास वापरून दिलेल्या वर्तुळाइतक्याच क्षेत्रफळाचा चौरस काढायचा. दोन हजार वर्षं लोक झटत होते. 1882 साली लिंडेमानने पाय या संख्येबद्दल एक गोष्ट सिद्ध केली आणि त्यातून हे कायमचं ठरलं की असं करता येत नाही. उद्या कुणी अधिक हुशार जन्मला तरी करता येणार नाही. अजूनही काही हौशी मंडळी जाडजूड वह्या घेऊन येतात आणि आपण हे सोडवलंय म्हणतात. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे, म्हणूनच त्यांचा आणखी वेळ जाऊ नये असं वाटतं.

तेव्हा कुणी 'अशक्य' म्हटलं की विचारावं: कशामुळे? 'आजवर कुणाला जमलं नाही' हे कारण असेल तर प्रयत्न करावा. 'नियमात बसत नाही' हे असेल तर नियम किती तपासलेला आहे ते बघावं. 'सिद्ध झालंय' असेल तर सिद्धता वाचावी आणि दुसऱ्या कामाला लागावं.

कल्पना न करता, सिद्धांत न मांडता कुणी हातानेच काही शक्य करून दाखवलंय का?

मिरजेला जा. सतारमेकर गल्लीत कुठल्याही दुकानात थोडा वेळ बसा.

तिथला तंतुवाद्यांचा धंदा शिकलगार घराण्यांनी उभा केला. मूळचे हत्यारं बनवणारे, धार लावणारे कारागीर. तलवारींचे दिवस सरले तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात त्यांचे हात सतार आणि तानपुऱ्याकडे वळले. भोपळा वाळवून त्याचा तुंबा, त्यावर लाकडी तबकडी, तबकडीवर घोडी, म्हणजे जिच्यावरून तारा जातात तो तुकडा. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

बघण्यासारखं काम आहे ते जवारी काढण्याचं. घोडीचा वरचा पृष्ठभाग दिसायला सपाट, पण त्याला अगदी हलका उतार असतो. कारागीर कानशीने तो घासतो, दोन-चार हात मारतो, तार चढवतो, छेडतो, मान तिरकी करून ऐकतो, तार उतरवतो, पुन्हा घासतो. तार घोडीवर एका बिंदूत टेकून राहत नाही, कंप पावताना त्या उतारावर पुढेमागे चाटत जाते. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती किंवा रेशमी धागा सरकवतात, त्याला जीवा म्हणतात. जीवा केसाएवढी सरकली तरी आवाज बदलतो. एका जागी बंद, मठ्ठ वाटणारी तार पुढच्या क्षणी उघडते आणि तिच्यातून वरचे स्वर झरायला लागतात.

आता गंमत अशी की विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मान्य भौतिकशास्त्राप्रमाणे यातले काही स्वर यायलाच नकोत. नियम असा होता: तार ज्या बिंदूवर छेडली, त्या बिंदूवर जे उपस्वर (मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे स्वर) स्थिर असतात ते त्या तारेत उमटणार नाहीत. तार बरोबर मध्यावर छेडली तर वरचा षड्ज ऐकू येऊ नये, कारण त्या कंपनात मधला बिंदू हलतच नाही. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 साली तानपुरा आणि वीणा यांच्यावर लिहिताना दाखवलं की या वाद्यांत ते उपस्वर येतात आणि चांगले ठसठशीत येतात. कारण घोडीचा तो हलका उतार. नियम तार दोन टोकांना घट्ट बांधलेली आहे असं धरून मांडला होता आणि इथे एक टोक सतत थोडं सरकत होतं.

हे घरी करून बघता येतं. गिटारची तार बरोबर मध्यावर छेडा आणि लगेच त्याच जागी बोट हलकेच टेकवा. आवाज जवळजवळ मरतो. चांगली जवारी लावलेल्या तानपुऱ्यावर हेच करा, वरचा सा वाजत राहतो.

रामन यांच्या लेखाच्या कितीतरी आधीपासून देशभरचे कारागीर हे करत आले होते. कुणी कागदावर समीकरण मांडलं नव्हतं. 'नियमाबाहेरचे स्वर काढू' अशी कल्पनाही कुणाच्या डोक्यात असण्याचं कारण नव्हतं. हात घासत गेले, कान निवडत गेले, आणि जे चांगलं वाजलं ते पुढच्या पिढीने उचललं. कल्पना पुढे आणि हात मागे, हा क्रम आपण गृहीत धरतो. माझ्या मते अर्ध्याहून जास्त वेळा तो उलटा असतो.

ज्याचं चित्रच डोळ्यांसमोर येत नाही, त्याचा विचार तरी कसा करणार?

हजार बाजूंची आकृती डोळ्यांसमोर आणून बघा. येत नाही, गोल दिसायला लागतं. 999 बाजूंची आणि 1000 बाजूंची यांत डोळे मिटून फरक करता येत नाही. तरी तिच्या आतल्या सगळ्या कोनांची बेरीज 1,79,640 अंश आहे हे आठवीतली पोरगी सांगते: 998 गुणिले 180. हजार बाजूंचं हे उदाहरण फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने 1641 साली दिलं होतं आणि अजून त्याला तोड नाही. गणित आपल्याला अशा ठिकाणी नेतं जिथे नजर पोचत नाही. चार मिती, वाकलेलं अवकाश, इलेक्ट्रॉनचं वागणं, यांतलं काहीच नीट डोळ्यांसमोर येत नाही, आणि तरी मोबाइल त्याच हिशेबांवर चालतो.

तत्त्वज्ञांचं यावर एकमत आहे का?

नाही. स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमने 1739 मध्ये असं मांडलं की जे आपण स्पष्टपणे कल्पू शकतो ते निदान पूर्णपणे अशक्य नसतं. सोन्याचा डोंगर कल्पता येतो, म्हणजे तो असू शकतो. पुढे 1970 मध्ये अमेरिकन तत्त्वज्ञ सॉल क्रिपकेने याला मोठा धक्का दिला. पाणी म्हणजे हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक अणू. कृष्णेतून वाहणारं पाणी वेगळ्याच कशाचं तरी बनलंय असं आपल्याला सहज कल्पता येतं, माणसं हजारो वर्षं तसंच काहीतरी कल्पत होती. पण दुसऱ्या कशाचं बनलेलं द्रव्य कितीही पाण्यासारखं दिसलं तरी ते पाणी नसेल. म्हणजे कल्पता येतंय, तरीही शक्य नाही. मला क्रिपकेचं पटतं.

आपल्याकडच्या तर्कशास्त्रात सशाचं शिंग आणि वांझेचा मुलगा ही जोडी नेहमी येते. मला त्यात फरक दिसतो. सशाला शिंग नाही, पण असतं तर काय बिघडलं असतं ते सांगता येत नाही. वांझेचा मुलगा मात्र शब्दांतच मोडतो. दोन्ही वाक्यं सारख्याच सहजतेने बोलता येतात, म्हणून बोलता येण्यावर विसंबू नये.

निसर्गाचं सोडा. माणसांच्या व्यवहारात तरी कल्पना हीच मर्यादा असते ना?

इथे तुमचं म्हणणं बरंचसं खरं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

औंध संस्थान छोटंसं होतं, पण तिथे दोन गोष्टी घडल्या. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळचा माळ दिला. निवडुंग, दगड, पाण्याची ओरड. त्या जागी लोखंडी नांगरांचा कारखाना आणि कामगारांची वसाहत उभी राहिली, ती किर्लोस्करवाडी. नांगर आधी खपेनात. लोखंडाने जमिनीला विष चढतं, असं शेतकऱ्यांना वाटायचं म्हणून सांगतात. म्हणजे कारखाना काढणाऱ्याच्या डोक्यात नांगर होता, पण घेणाऱ्याच्या डोक्यात तो यायला वेळ गेला. दोन्ही बाजूंना कल्पना लागते, हा भाग आपण फार कमी बोलतो.

दुसरी गोष्ट स्वतंत्रपूरची. 1939 साली औंधच्या राजाने आपले अधिकार प्रजेकडे सोपवले, त्याच सुमारास आटपाडीजवळ भिंत नसलेला तुरुंग सुरू झाला. मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याची ही कल्पना. शिक्षा झालेली माणसं तिथे शेती करून राहायची, कुटुंब सोबत आणायची. तुरुंग म्हटलं की भिंत, दार आणि कुलूप हे इतकं पक्कं बसलेलं असतं की भिंत काढता येते असं कुणाच्या मनात येत नाही. इथे निसर्गाचा कुठलाच नियम आड नव्हता. कुणाला सुचलं नव्हतं आणि सुचलं असतं तरी परवानगी देणारा कुणी नव्हता. आटपाडीत दोन्ही जुळून आलं. स्वतंत्रपूर आजही आहे.

तिसरं नाव घेतल्याशिवाय साताऱ्यात पुढे जाता येत नाही. भाऊराव पाटील काही काळ याच किर्लोस्करांचे नांगर विकत फिरले. खेड्यापाड्यांत फिरताना शाळेबाहेरची पोरं त्यांना दिसली. 1919 साली कराड तालुक्यातल्या काले इथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, 1924 साली ती साताऱ्याला आणली. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला जेवतील, काम करतील आणि शिकतील, ही कल्पना तेव्हा कित्येकांना नुसती अशक्य नाही तर अधर्म वाटत होती. वसतिगृहात धान्य नव्हतं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. कल्पनेइतकाच त्या सोन्याचाही वाटा आहे, आणि पोरांना हे सांगताना लक्ष्मीबाईंचं नाव मागे पडू नये असं मला फार वाटतं.

म्हणजे समाजाच्या बाबतीत कल्पना नसेल तर दार उघडतच नाही. पण उघडल्यावर आत जायला पीठ, पैसा, जमीन आणि साथ लागते.

दुष्काळी भागातल्या लोकांची कल्पनाच कमी पडली, असं एक वक्ते म्हणाले. बरोबर आहे?

अजिबात नाही, आणि हे ऐकून मला राग येतो. आटपाडी, जत, माण, खटाव इथला माणूस पाण्याबद्दल जितका विचार करतो तितका नदीकाठचा कधीच करत नाही. 1993 पासून नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांच्या पाणी संघर्ष चळवळीने काय मागितलं बघा: पाणी जमिनीच्या मापाने न देता कुटुंबाला द्या, भूमिहीनालाही त्याचा वाटा द्या. पाणीवाटपाची याहून मोठी कल्पना मला महाराष्ट्रात दिसत नाही, आणि ती सुचली टँकरची वाट बघणाऱ्या गावांत. अडलं ते पंपांवर, निधीवर आणि निर्णयांवर.

शाळेच्या भिंतीवर लिहिलंय, 'जे स्वप्नात पाहता येतं ते मिळवता येतं.' हे पुसून टाकायचं का?

पुसायचं की ठेवायचं ते शाळेने ठरवावं. मी असते तर पुसलं असतं.

हे वाक्य जिंकलेल्याला गोड वाटतं. हरलेल्याला ते सांगतं की तुझं स्वप्नच लहान होतं. आपल्याकडे दिवाळीच्या आसपास उसाचा फड सुरू झाला की ऊसतोड मजुरांच्या कोप्यांमधली, म्हणजे झोपड्यांमधली, किती पोरं पहाटे आईबापाबरोबर फडात असतात ते बघा. त्या पोरीला डॉक्टर व्हायचं असतं, विचारा तिला. तिची कल्पना कुठेही कमी नाही. सलग एका शाळेत सहा महिने बसायला मिळत नाही, हे कमी आहे.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकीला गेले आणि कुस्तीत ब्राँझ घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांची गोष्ट सांगताना आपण जिद्द सांगतो. जायला पैसे नव्हते, लोकांनी वर्गणी काढली, कोल्हापूरच्या त्यांच्या प्राचार्यांनी आपलं घर गहाण टाकलं, हेही त्याच दमात सांगायला हवं. म्हणजे ऐकणाऱ्या मुलाला कष्ट कळतात आणि ऐकणाऱ्या मोठ्या माणसाला आपलं काम कळतं.

कासच्या फुलांचा या विषयाशी काय संबंध? तुम्ही नेहमी उल्लेख करता.

सीतेची आसवं ही जांभळट निळी, नखाएवढी फुलं सगळ्यांनी पाहिलेली असतात, साताऱ्याजवळच्या कास पठारावर त्यांचे गालिचे असतात. फोटो काढून लोक पुढे जातात. त्याच रोपाला खाली ओल्या मातीत टाचणीच्या डोक्याहून लहान पिशव्या असतात. कातळावरच्या पातळ मातीत नायट्रोजन कमी, म्हणून हे रोप किडे खातं. पिशवी आतलं पाणी बाहेर टाकून ताणलेली असते. सूक्ष्म जीव दाराच्या केसाला लागला की दार उघडतं, पाण्यासकट जीव आत ओढला जातो आणि दार मिटतं. सगळं मिळून पापणी लवायच्या आत. चार्ल्स डार्विनने 1875 साली या वनस्पतींवर लिहिताना मानलं होतं की जीव स्वतःच डोकं खुपसून आत शिरतो. निरीक्षणात ज्याचा हात धरणारा कुणी नव्हता, त्यालाही ओढून घेणारं रोप सुचलं नाही. म्हणून मी मुलांना गुडघ्यावर बसवून भिंग देते. रोप उपटायचं मात्र नाही, कास जागतिक वारसास्थळात आहे आणि तो नियम पाळायचाच.

एआयला माणसाच्या कल्पनेबाहेरचं सुचतं का?

काही ठिकाणी, हो. मार्च 2016 मध्ये गो या पटावरच्या खेळात अल्फागो या प्रोग्रामने नामवंत खेळाडू ली सेडोलविरुद्धच्या दुसऱ्या डावात 37 वी खेळी अशी केली की जाणकारांना ती चूक वाटली. तीच डाव फिरवणारी ठरली. पण गोच्या पटाचे नियम ठरलेले होते, ती खेळी शक्य होतीच, हजारो वर्षांत माणूस तिथे बघत नव्हता इतकंच. शक्यता यंत्राने निर्माण केली नाही, शोधली. माणसांबद्दलही मी हेच म्हणत आले आहे.

माझ्याकडे एका यंत्राची कल्पना आहे. ती शक्य आहे की नाही, हे कुणाला विचारू?

आधी कागदावर ऊर्जेचा हिशेब मांडा: किती आत, किती बाहेर. बाहेरचा आकडा मोठा येत असेल तर तिथेच थांबा. हिशेब बसला तर कुपवाड किंवा मिरजेच्या एमआयडीसीतल्या एखाद्या जुन्या टर्नर-फिटरकडे जा. चित्र दाखवून 'होईल का' विचारू नका, 'कुठला भाग आधी तुटेल' असं विचारा. ते पट्कन सांगतात आणि बहुधा बरोबर सांगतात. मग जो ते वापरणार आहे त्याच्याकडे, म्हणजे शेतकऱ्याकडे, दूधवाल्याकडे, शिवणकाम करणाऱ्या ताईंकडे न्या आणि हात न लावता त्यांना वापरू द्या. पेटंटचा विचार त्यानंतर करा, पण नमुना जाहीर ठिकाणी दाखवण्याआधी अर्जाबद्दल माहितगाराचा सल्ला घ्या. आधी जगजाहीर केलेल्या गोष्टीला पेटंट मिळणं अवघड होतं.